चित्रं काढून घर चालतं का? फ्रीलान्स इलस्ट्रेटरचा पूर्ण हिशेब



"चित्रं काढून पोट भरतं का?" गिरगाव, दादर, परळ, लालबाग... आपल्या भागातल्या कितीतरी घरांत जेवताना हा प्रश्न निघतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. आणि खरं सांगू का, त्यांचा प्रश्न चुकीचा नसतो. मुलगा किंवा मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत टॅबलेटवर बसलेली दिसते, इन्स्टाग्रामवर लाइक्स दिसतात, पण महिन्याच्या एक तारखेला घरात काय येतं ते दिसत नाही.

माझं छपाईचं छोटं दुकान आहे. इलस्ट्रेटर मुलं-मुली प्रूफ प्रिंट काढायला रोज येतात. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे. ज्यांचा हात सगळ्यात चांगला, त्यांचंच घर सगळ्यात चांगलं चालतं असं नाही. घर त्यांचं चालतं ज्यांना आपण नेमकं काय विकतो हे कळलेलं असतं. आजच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळा हिशेब इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

हा धंदा आपल्या भागाला नवीन नाही

पहिल्यांदा मनातून काढून टाका की फ्रीलान्स इलस्ट्रेशन हे इंटरनेटमुळे आलेलं खूळ आहे. मुंबईत मराठी माणूस शंभर वर्षांहून जास्त काळ यावर जगतोय.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांचं नाव ऐकलं असेल. ते जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. म्हणजे पगार चालू होता. त्याच्या जोडीला पुस्तकांची चित्रं आणि पोस्टकार्डं. १९१२ साली निघालेल्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या एडवर्ड्स यांच्या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. पगार एका बाजूला, कामं दुसऱ्या बाजूला.

मग दीनानाथ दलाल (१९१६-१९७१). मूळचे गोव्याचे. केनेडी ब्रिजजवळ त्यांचा दलाल आर्ट स्टुडिओ होता. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांनी किती केली याला गणती नाही. पण धंद्याच्या दृष्टीने बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १९४५ मध्ये त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. प्रकाशकासाठी मुखपृष्ठ केलं की एकदा मानधन मिळतं. अंक स्वतःचा असला की चित्र आपलं, विक्री आपली, जाहिरातीही आपल्या. रघुवीर मुळगावकर, तेही गोव्याचे. त्यांनीही हाच रस्ता धरला. 'रत्नप्रभा' हा त्यांचा दिवाळी अंक, आणि देवादिकांची त्यांची चित्रं कॅलेंडरवरून घराघरांत पोचली.

या तिघांत समान काय? एकाच प्रकारच्या कमाईवर कोणीही बसून राहिलं नाही. बांधलेलं उत्पन्न, सुटी कामं आणि स्वतःचा माल या तीन पायांपैकी निदान दोन तरी त्यांच्याकडे होते. आजचा बहुतेक फ्रीलान्सर एकाच पायावर उभा असतो, तो म्हणजे सुटी कामं. म्हणून एक महिना काम नाही आलं की पडतो.

आधी स्वतःचा दिवसाचा दर काढा

"मार्केटमध्ये काय रेट चाललाय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मित्रांनो, मार्केटचा रेट नंतर. आधी तुमचा खर्च.

समजा, घरात तुम्हाला महिन्याला ३०,००० रुपये द्यायचे आहेत. सॉफ्टवेअर, इंटरनेट, प्रवास, प्रिंट, टॅबलेटची झीज यांचे ८,०००. आजारपण आणि पुढच्या मशीनसाठी बाजूला ७,०००. झाले ४५,०००.

आता दिवस मोजा. महिन्यात कामाचे दिवस २२ धरले तरी प्रत्यक्ष पैसे देणारं चित्र तुम्ही साधारण १२ दिवसच काढता. उरलेले दिवस ग्राहकाला भेटणं, नमुने पाठवणं, बिल करणं, फोनवर बोलणं यात जातात. ४५,००० भागिले १२ म्हणजे ३,७५० रुपये. हा तुमचा दिवसाचा तळाचा दर.

पुस्तकाच्या मुखपृष्ठाला कच्च्या आराखड्यासकट अडीच दिवस लागले, तर ९,३७५ रुपये ही त्या कामाची किंमत नाही, तो तुमचा खर्च आहे. बीबीएच्या पहिल्याच वर्षी कॉस्टिंगमध्ये हे शिकवतात, पण कलाकाराला कोणीच सांगत नाही. ३,००० मध्ये मुखपृष्ठ करताय? मग उरलेले सहा हजार तुमचे आई-वडील भरतायत. ते घरात राहायला देतात, जेवायला घालतात, म्हणून कळत नाही इतकंच.

माझे आकडे उचलू नका. आज रात्री स्वतःचे टाका.

चित्र म्हणजे आपली खोली समजा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्या भागातल्या माणसाला पागडी समजावून सांगावी लागत नाही. मालकाने एकदा पागडी घेतली की पुढची कित्येक वर्षं नाममात्र भाडं, आणि खोली हातातून गेल्यासारखीच. त्याउलट लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचा करार, कोण राहणार, कशासाठी वापरणार, भाडं किती, सगळं कागदावर. मुदत संपली की पुन्हा बोलणी.

चित्राचंही तसंच आहे. तुम्ही ग्राहकाला फाइल देता तेव्हा खरं तर वापरायची परवानगी देता. कशावर, किती, किती दिवस आणि कुठे, या चार प्रश्नांवर किंमत ठरते. तेच चित्र २०० टी-शर्टवर छापलं तर एक किंमत, आणि देशभर विकल्या जाणाऱ्या बिस्किटाच्या पुड्यावर आलं तर दुसरी. तुमची मेहनत सारखीच आहे, पण समोरच्याचा फायदा सारखा नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातल्या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवा.

१. नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाचं होतं.

२. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक धरला जातो. म्हणून "बोलणं झालंय ना, लिहायचं कशाला" हे महाग पडतं.

३. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द असतात. ते दिसले की थांबा आणि किंमत वाढवा. हे खोली विकण्याचे शब्द आहेत.

४. हक्क विकल्यावरही चित्रकार म्हणून तुमची ओळख तुमचीच राहते. चित्राची मोडतोड करून तुमची बदनामी होत असेल तर आक्षेप घेता येतो.

५. प्रसिद्ध झालेल्या चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ स्कॅन करून टी-शर्टवर छापायचा विचार असेल तर सोडून द्या.

माझ्या बॅचमधली एक मुलगी आहे, परळला राहते. तिने एका मंडळासाठी ३,००० रुपयांत टी-शर्टचं चित्र केलं. कागदावर काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी तेच चित्र बॅनरवर, मगवर, अहवालाच्या कव्हरवर. ती बोलायला गेली तर उत्तर मिळालं, "अगं, आपलंच मंडळ आहे, तुझंच नाव होतंय ना!" भांडण करून उपयोग नव्हता, रोज त्याच गल्लीतून जायचं होतं. पुढच्या खेपेला तिने एक पान दिलं. त्यावर चार ओळी, टी-शर्ट, बॅनर, अहवाल, मग, आणि प्रत्येकासमोर रक्कम. खाली लिहिलं, 'फक्त या वर्षीच्या उत्सवासाठी'. कार्यकर्त्यांनी दोन ओळींवर खूण केली आणि पैसे दिले. आवाज चढवावा लागला नाही, कारण आता बोलणं नात्यावर राहिलं नव्हतं, यादीवर आलं होतं.

ओळखीच्या माणसाशी पैशाचं बोलताना जीभ अडखळते, हे मला माहीत आहे. तेव्हा "दादा, कशाकशावर वापरणार ते सांगा, मग नीट आकडा सांगतो" एवढंच वाक्य पाठ करा. पुढचं काम कागद करतो.

ग्राहक चालत जायच्या अंतरावर आहेत

प्रकाशक: गिरगावात खटाववाडीचं मौज, शिवाय मॅजेस्टिक, ही नावं मराठी वाचकाला सांगायला नकोत. दादरला पुस्तकांची दुकानं आहेत. तिथे जाऊन तासभर नवीन पुस्तकं चाळा. आत चित्रकाराचं नाव दिलेलं असतं, प्रकाशकाचा पत्ता असतो. ही तुमची फुकटची यादी. पैसे बेताचे, पण नाव छापून येतं आणि काम पुन्हा पुन्हा येतं.

एजन्सी आणि कंपन्या: लोअर परळच्या ज्या गिरण्यांत आपले आजोबा कामाला होते, तिथे आज जाहिरात, मीडिया, डिझाइनची ऑफिसं आहेत. इथे बजेट मोठं, घाई मोठी, आणि करारही मोठा. वर सांगितलेले शब्द इथेच शोधायचे.

मंडळं, शाळा, क्लासेस, डॉक्टर, मिठाईवाले, लग्नपत्रिका: रक्कम छोटी पण रोखीची. इथे चित्र साधं ठेवा आणि वेळेवर द्या.

नमुने पाठवताना ६० चित्रं पाठवू नका. १२ पाठवा, आणि ज्याला पाठवताय त्याच्या कामाचीच. लहान मुलांच्या पुस्तकवाल्याला ड्रॅगन दाखवून काय करणार तो?

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

आपला धंदा सणांवर चालतो. गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा. त्यानंतर शाळा सुरू होण्याआधीची कामं. जून ते ऑगस्ट गणपती आणि दिवाळी अंक एकदमच. दिवाळीआधी कॅलेंडर, डायऱ्या. हिवाळ्यात लग्नं, प्रदर्शनं. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, आणि दरवर्षी पावसाळ्यात संपादकांना चित्रकार लागतातच. पण ऑक्टोबरमध्ये फोन करून उपयोग नाही, मे महिन्यात करा.

आणखी एक. अंक जाहिरातींवर चालतात. जाहिरातीचे पैसे उशिरा आले की चित्रकाराचेही बऱ्याचदा उशिरा येतात. म्हणजे जुलैमध्ये केलेलं काम डिसेंबरचा किराणा भरेल असं धरून चाला. पावसाळ्यात खूप काम आहे म्हणून हप्त्यावर नवीन मशीन घेऊ नका.

पैसे वेळेवर कसे येतील

काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे. कच्चा आराखडा मंजूर झाला की पुढचे ३० टक्के. मोठी, छपाईची फाइल शेवटचे २० टक्के आल्यावरच. दुरुस्त्या दोनदा, तिसरी दुरुस्ती पैसे घेऊन. काम मध्येच रद्द झालं तर तोपर्यंतचे पैसे परत नाहीत. हे पाच नियम पहिल्याच मेसेजमध्ये पाठवा, नंतर सांगितले तर भांडण वाटतं.

उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅन लागतं, ऑनलाइन होते, एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारे एजंट भेटतील, त्यांना हात जोडा. ही नोंदणी काम घेण्याआधी झालेली पाहिजे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ग्राहकाने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात पैसे दिल्यानंतरच दाखवता येतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात.

कर: कंपनी व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापते. ६०,००० चं काम केलं तर खात्यात ५४,०००. ते सहा हजार बुडालेले नसतात, रिटर्न भरलं की हिशेबात धरले जातात. रिटर्न न भरणारे चित्रकार दरवर्षी सरकारकडे पैसे सोडून येतात. महाराष्ट्रात सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशी ग्राहक असेल तर एकदा सीएला विचारा.

स्वतःचा माल, पण थोडा

तिसरा पाय म्हणजे प्रिंट, पोस्टकार्ड, स्टिकर, कॅलेंडर. एक चित्र पुन्हा पुन्हा विकलं जातं ते इथे.

समजा, ए-फोर प्रिंटला छपाई ४० रुपये, पुठ्ठा-पाकीट १५. खर्च ५५. विक्री २५० ला. दुकानदाराचे ३० टक्के म्हणजे ७५ गेले. तुमच्याकडे उरले १२०. पन्नास विकल्या तर ६,०००. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या दीड दिवसाच्या मजुरीपेक्षाही जास्त, आणि चित्र अजून तुमचंच.

पण थांबा, हजार प्रिंट काढायला धावू नका. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये गिरगावातच आपला छापखाना सुरू केला होता. एका चित्राच्या हजारो प्रती, देवघरात लक्ष्मी-सरस्वती! कल्पना इतकी चालली की ती चित्रं आजही घरांत दिसतात. तरीही छापखाना कर्जात गेला आणि शेवटी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. एवढ्या मोठ्या चित्रकाराचं असं झालं, तर आपण २५ प्रतींनी सुरुवात करायला लाजायचं कशाला? आज डिजिटल छपाईत एक प्रतही निघते. विकलं तरच पुढचं छापा.

एआय आलंय, आता काय?

खोटा दिलासा देत नाही. ५०० रुपयांचं शुभेच्छापत्र, सोशल मीडियाची भरतीची चित्रं, ही कामं कमी होणार. ग्राहक स्वतःच करतो. पण बत्तीस पानांच्या पुस्तकात तीच मुलगी प्रत्येक पानावर तीच दिसली पाहिजे, चाळीचा कठडा चाळीचाच वाटला पाहिजे, नऊवारीचा काष्टा बरोबर पाहिजे, आणि "हे चित्र माझं आहे, कोणाचं उचललेलं नाही" अशी सही करणारा माणूस पाहिजे. पैसे तिथे आहेत. तुमचे १२ नमुने याच कामांचे ठेवा.

नोकरी कधी सोडायची?

माझा नियम सोपा आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, वर्षातून दोनदा तरी परत येणारे तीन ग्राहक, आणि सलग सहा महिने सुट्या कामातून पगाराच्या निम्मे पैसे. तिन्ही जमलं तर सोडा. नाही जमलं तर शनिवार-रविवार चालू ठेवा, शाळेत चित्रकला शिकवा, क्लास घ्या. धुरंधरांनी शिकवण्याची नोकरी केली म्हणून त्यांना कोणी लहान चित्रकार म्हटलं नाही.

आणि वडिलांना इन्स्टाग्राम दाखवू नका. वही दाखवा. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर यायचे पैसे, खाली तारीख. ज्यांनी आयुष्यभर पगाराच्या पाकिटावर घर चालवलं, त्यांना ही भाषा लगेच कळते.

या आठवड्याचं काम: स्वतःचा दिवसाचा दर काढा, उद्यम नोंदणी करा, आणि एक पानाचा वापराचा कागद मराठीत तयार करा. पुढच्या व्हिडिओत आपण बिल कसं बनवायचं ते ओळीओळीने बघू. तोपर्यंत, चित्र काढत राहा आणि हिशेब लिहीत राहा!